वादकाच्या वाट्याचे पान



एखाद्याच्या हाती आपण काम सोपवतो, तेव्हा त्या कामाबरोबर आणखी काय सोपवायला हवे? तत्त्वज्ञानाच्या वर्गात हा प्रश्न या शब्दांत कुणी विचारत नाही. पण घरात, शाळेत, कार्यालयात आणि चर्चमध्येही तो दिवसातून दहा वेळा उभा राहतो. आज त्याचा विचार आम्ही जरा आडवाटेने करणार आहोत. वाट संगीताची आहे. ज्यांना स्टाफ नोटेशन वाचता येत नाही त्यांनी घाबरून पान उलटू नये. या लेखात सूर कमी आणि कागद जास्त आहे.

चार-सहा वाद्ये एकत्र वाजवायची असतील तर संगीतकार आधी स्कोअर लिहितो. स्कोअरमध्ये सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक मांडलेल्या असतात. बासरी काय वाजवते आणि त्याच क्षणी चेलो काय वाजवतो, हे त्यात एका नजरेत दिसते. हा स्कोअर कंडक्टरपुढे असतो. वादकापुढे असतो तो फक्त त्याचा पार्ट, म्हणजे त्याच्या एकट्याच्या वाद्याची ओळ, स्कोअरमधून वेगळी काढून कागदावर मांडलेली. क्लॅरिनेट वाजवणाऱ्याला शेजारच्या ट्रम्पेटच्या पानावर काय आहे ते दिसत नाही.

मग प्रत्येकाला संपूर्ण स्कोअरच का देऊ नये? कारण मोठ्या स्कोअरच्या एका पानावर पाच-सात बारांहून अधिक संगीत मावत नाही. दर दहा-पंधरा सेकंदांनी पान उलटावे लागले तर वाजवणार कुणी? लहान वाद्यमेळातले काही वादक आता टॅब्लेटवर स्कोअर ठेवून पायाच्या बटनाने पान पुढे सरकवतात, ही गोष्ट खरी. पण पन्नास जणांच्या वाद्यवृंदात प्रत्येकाला सर्व काही दाखवणे म्हणजे प्रत्येकाला हवे ते देणे नव्हे. आजच्या काळात हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आपण हल्ली शंभर पानांचे परिपत्रक सर्वांना पाठवून देतो आणि ‘कळवले होते’ म्हणून मोकळे होतो.

पूर्वी पार्ट काढण्याचे काम नकलनवीस हाताने करीत. आता संगणक करतो. फिनाले हे सॉफ्टवेअर १९८८ साली आले, सिबेलियस १९९३ साली, डोरिको २०१६ साली. म्यूझस्कोअर तर फुकट मिळते, आणि चर्चच्या गायकवृंदातील मुलेही ते सहज हाताळतात. आरंभी या सॉफ्टवेअरमध्ये पार्ट ही वेगळी फाईल असे. स्कोअरमध्ये एक सूर दुरुस्त केला की तीच दुरुस्ती पार्टमध्ये पुन्हा करावी लागे, आणि विसरली की सरावाला दोन वादक दोन वेगळे सूर वाजवीत. २००५ साली सिबेलियसने पार्ट स्कोअरला जोडून टाकले. स्कोअर बदला, पार्ट आपोआप बदलतो. इतरांनीही तीच सोय केली. एक बटन दाबले की दहा वाद्यांचे दहा पार्ट समोर हजर.

हजर होतात, पण तयार नसतात. संगणकाला कागद कुठे संपतो ते कळते. वादकाचा हात कधी मोकळा आहे ते त्याला आपण सांगावे लागते. म्हणून पान नेमके अशा जागी संपते की व्हायोलिनवाल्याचा एक हात तारांवर आणि दुसरा गजावर असतो. पान उलटायला तिसरा हात देवाने दिलेला नाही. जाणकार माणूस असे पान विरामाच्या जागी तोडतो, मग उजवीकडच्या पानाचा खालचा चतुर्थांश कोरा राहिला तरी चालेल. कागद वाचवायला म्हणून सगळे A४ वर दाटीवाटीने बसवले की पाच रेघांची उंची ५ मिलिमीटरवर येते. वाद्यवृंदांच्या ग्रंथपालांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिच्या मार्गदर्शनात ७ मिलिमीटरहून लहान पट्टी वाचायला कठीण मानली आहे. एका स्टँडवर दोघे बसतात, स्टँड हातभर लांब असतो, आणि चर्चमधला उजेड कसा असतो हे आपण सारे जाणतोच. ‘हळू’ ही खूण ‘वाढवत न्या’ या खुणेवर चढलेली असते. बारांचे क्रमांक नसतात, त्यामुळे ‘बार ५२ पासून घेऊ या’ म्हटले की अर्धे वादक बोटाने मोजत बसतात. यातली प्रत्येक गोष्ट क्षुल्लक आहे. सगळ्या मिळून सराव खातात.

आता प्रश्न असा की, असे पान हाती देणे हा कौशल्याचा दोष आहे की नीतीचा?

संत थॉमस अक्वायनस यांनी अरिस्टॉटलच्या मागोमाग कला आणि विवेक यांत फरक केला आहे. कला म्हणजे वस्तू नीट कशी घडवावी याविषयीची योग्य बुद्धी. विवेक म्हणजे नीट कसे वागावे याविषयीची. दुर्जन सुतारही उत्तम खुर्ची बनवू शकतो आणि सज्जनाची खुर्ची डुगडुगू शकते. या हिशेबाने वाईट मांडलेला पार्ट हा कलेचा दोष ठरतो. माणूस कच्चा आहे, शिकेल. उत्तर बरोबर आहे, पण आम्हाला ते पुरत नाही. खुर्ची डुगडुगते हे सुताराला माहीत असेल आणि तिच्यावर कुणाची आजी बसणार हेही माहीत असेल, तर ती तशीच पाठवून देणे ही केवळ सुतारकामाची गोष्ट उरते काय? पार्ट ही तर अशी वस्तू आहे की तिचा सगळा चांगुलपणा दुसऱ्याच्या वापरात आहे. ती भिंतीवर टांगायची नसते. ती घडवताना जो माणूस डोळ्यांपुढे आणायला हवा होता, तो आणला की नाही, एवढ्यावर सारे अवलंबून असते. ज्याने आणला आणि तरी चुकला, तो कच्चा. ज्याला आणावेसेच वाटले नाही, त्याच्याविषयी आम्ही दुसरा शब्द वापरू.

सर्वांत जास्त विचार करायला लावते ते विरामाचे पान. ड्वोरझाकच्या नवव्या सिंफनीत ट्यूबा फक्त दुसऱ्या भागात वाजतो, तेही मोजके सूर. त्याच सिंफनीत झांजेचा ठोका एकच आहे, चौथ्या भागात. बेथोवेनच्या पाचव्या सिंफनीतले ट्रॉम्बोनवाले पहिले तीन भाग गप्प बसून असतात. अशा वादकाच्या पार्टमध्ये काय लिहिलेले असते? एक जाड आडवी रेघ आणि वर एक आकडा, समजा ६४. अर्थ असा की चौसष्ट बार गप्प राहा, मनात मोजा आणि पासष्टाव्याला वाजवा. मोजताना खोकला आला, मागे कुणाची खुर्ची सरकली, किंवा मन क्षणभर घरी ठेवून आलेल्या आजारी मुलाकडे गेले, की संपले. मग तो माणूस घाबरून वाजवतच नाही, किंवा चुकीच्या जागी वाजवतो आणि सारे चर्च वळून पाहते.

चांगला नकलनवीस इथे दोन गोष्टी करतो. चौसष्टाचा आकडा तो तसाच ठेवत नाही; जिथे लय बदलते, जिथे नवा विभाग सुरू होतो, तिथे तो तोडतो. १६, मग ‘ब’ विभाग, मग २४, मग लय संथ, मग उरलेले २४. मोजणाऱ्याला मैलाचे दगड मिळतात. दुसरी गोष्ट अधिक सुंदर आहे. प्रवेशाच्या आधीच्या दोन-चार बारांत तो दुसऱ्याच वाद्याचे सूर लहान अक्षरांत छापतो. याला क्यू म्हणतात. ते सूर या वादकाने वाजवायचे नसतात, ऐकायचे असतात. ओबोची ही धून कानावर आली की समजावे, आपली वेळ झाली. सॉफ्टवेअरमध्ये क्यू घालणे दोन मिनिटांचे काम आहे. कोणत्या वाद्याचा घालावा हे ठरवणे मात्र सॉफ्टवेअरचे काम नव्हे. स्कोअरवर ठळक दिसणारे वाद्य ट्रॉम्बोनच्या खुर्चीवरून ऐकू येईलच असे नाही. ज्याने क्यू घालायचा त्याने मनाने उठून त्या मागच्या रांगेतल्या खुर्चीवर जाऊन बसावे लागते आणि तिथून काय ऐकू येते ते ऐकावे लागते. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा पाळण्याच्या ज्या अनेक बारीक रीती आहेत, त्यांत ही एक आम्ही निःशंकपणे धरतो.

काही वाद्यांची गंमत वेगळी आहे. बी फ्लॅट क्लॅरिनेटवाल्याने कागदावरचा सी वाजवला की कानावर बी फ्लॅट पडतो. म्हणून त्याचा पार्ट मुद्दाम एक स्वर वर चढवून लिहितात. स्कोअर एक सूर सांगतो आणि पार्ट दुसरा. मग कागद खोटे बोलतो काय? सेमिनरीत आम्हाला एक जुने सूत्र शिकवले होते: जे ग्रहण केले जाते ते ग्रहण करणाऱ्याच्या रीतीने ग्रहण केले जाते. घागरीत पाणी घागरीच्या आकाराने राहते. पार्टमधला चढवलेला स्वर खोटा नाही. या वाद्याच्या बोटांतून खरा सूर निघावा म्हणून केलेले ते भाषांतर आहे. खोटे तेव्हा झाले असते, जेव्हा स्कोअरमधलाच सूर जसाच्या तसा छापून ‘आम्ही तर खरे तेच लिहिले’ असे म्हटले असते. सत्य जसेच्या तसे फेकून मारणारी माणसे आपल्या परिचयाची आहेत. त्यांना वाटते, आपण प्रामाणिक आहोत.

भाग आणि संपूर्ण यांचे नाते विचारवंतांनी फार पूर्वीपासून चर्चिले आहे. अरिस्टॉटल म्हणतो, संपूर्ण हे भागाच्या आधी. हात शरीरापासून तोडला तर तो नावापुरताच हात राहतो. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात शरीराचाच दाखला घेतला, पण त्याचा रोख पाहा: जे अवयव दुबळे दिसतात त्यांची अधिक गरज आहे, त्यांना अधिक मान. फ्रेंच तत्त्वज्ञ झाक मारितँ यांनी १९४७ साली व्यक्ती आणि सर्वहित यांवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की माणूस समाजाचा भाग खराच, पण त्याचे सर्वस्व त्या भागात संपत नाही. जोडलेल्या पार्टची व्यवस्था पाहताना आम्हाला हे आठवते. सूर बदलायचा तर तो स्कोअरमध्ये बदलतो आणि सर्वांना बांधून ठेवतो. पण पान कुठे तुटावे, अक्षर किती मोठे असावे, हे त्या एका पार्टमध्ये बदलले तर स्कोअरला धक्का लागत नाही. सूर सर्वांचा आहे, पान त्या माणसाचे.

आणि कधी कधी पानावर असे काही असते की जे स्कोअरमध्ये नसतेच. योहान सेबास्टियन बाख १७२३ साली लाइपझिगला आले, तेव्हा जवळजवळ दर रविवारी नवा कँटाटा उभा करण्याचे काम त्यांच्यावर होते. (ते लुथरपंथी, पण रविवार सगळ्यांचाच.) शाळेतली मुले, घरची माणसे, सारे पार्ट उतरवायला बसत. मग बाख ते पार्ट स्वतः तपासत आणि तपासताना पुष्कळदा त्यांत भर घालीत: इथे हळू, इथे सूर जोडून, ऑर्गनवाल्यासाठी स्वरांचे आकडे. तिथला ऑर्गन इतर वाद्यांपेक्षा एक स्वर वर लावलेला असे, म्हणून ऑर्गनचा पार्ट तेवढा खाली उतरवून लिहीत. २८ जुलै १७५० रोजी बाख निवर्तले. वाटणीत अनेक कँटाटांचे स्कोअर एकीकडे गेले आणि पार्ट दुसरीकडे. चाळीसहून अधिक कँटाटांचे पार्ट त्यांची पत्नी ॲना मॅग्डालेना हिच्या हातून लाइपझिगच्या शाळेकडे आले आणि तिथे टिकले. थोरल्या मुलाकडे गेलेले काही स्कोअर मात्र हरवले. २५ मार्च १७२५ रोजी, पवित्र मरियेला संदेश मिळाल्याच्या सणाला गायलेला कँटाटा आज आपल्याला माहीत आहे तो पार्टमुळेच. त्याचा मूळ स्कोअर उरलेला नाही.

आपल्या बाजूचेही उदाहरण आहे. गोव्यातील चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेले वादक मुंबईला आले आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत भरले. सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली ठळक नावे. (गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू, १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तले नाव तिथून आले.) त्या काळी सारे वादक एकत्र बसून गाणे एका दमात ध्वनिमुद्रित करीत. एका पार्टमधला एक चुकीचा सूर म्हणजे सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. हाताने लिहिलेल्या त्या पानांमागे कुणाच्या रात्री गेल्या ते तबकडीवर छापले गेले नाही.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. काळजीचा अतिरेक होऊ शकतो. काही पार्ट इतके खुणांनी भरलेले असतात की सूर शोधावे लागतात: प्रत्येक स्वराला आठवण, प्रत्येक बाराला इशारा. असे पान म्हणते, ‘तुझ्यावर माझा भरवसा नाही.’ अनुभवी वादकाला ते लगेच कळते. आम्हाला तर चांगल्या पार्टची खूण वाटते ती त्यातली मोकळी जागा. दोन ओळींत पुरेसे अंतर असावे, समासात हात टेकायला जागा असावी, कागद असा असावा की त्यावर पेन्सिल चालेल. कारण शेवटचे लिखाण वादकाचे असते. गज कुठे वर न्यायचा, श्वास कुठे घ्यायचा, हे तोच लिहिणार. उत्कृष्ट छापलेल्या गुळगुळीत पानावर पेन्सिल उमटत नाही. तिथे त्याचे म्हणणे मांडायला वावच नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचे संविधान प्रसिद्ध केले. त्याच्या २८ व्या परिच्छेदात सांगितले आहे की उपासनेत ज्याचे जे काम आहे ते त्याने पूर्ण करावे आणि तेवढेच करावे. धर्मगुरूने वाचकाचे वाचन करू नये, गायकवृंदाने सर्व भाविकांचे प्रतिसाद गिळू नयेत. या नियमावर भाषणे पुष्कळ झाली. पण ‘तेवढेच कर’ असे सांगणाऱ्याने ‘ते’ नीट हाती द्यायला हवे, याची चर्चा कमी होते. वाचकाला वाचन कोणते ते मिस्सेच्या दहा मिनिटे आधी कळले, वेदीसेवकाला घंटा कधी वाजवायची ते दुसऱ्याच्या कोपरखळीने कळले, तर त्यांना पार्ट दिला असे म्हणता येणार नाही. घरातही तेच. ‘तू फक्त बाजार आण, बाकीचे मी बघते’ किंवा ‘बाबा, तुम्ही बसून राहा’ असे आपण सहज म्हणतो. बसून राहणाऱ्याला चौसष्ट बारांचा विराम दिलेला असतो. पासष्टावा कधी येणार, येणार की नाही, हे कुणी त्याला सांगितलेले नसते.

इथे एक अवघड जागा आहे, आणि ती टाळणे धर्मगुरूला शोभणार नाही. मृत्यूच्या घरी, विशेषतः मूल गेलेल्या घरी, एक सांत्वन हटकून ऐकू येते: देवाची योजना मोठी आहे, आपल्याला तिचा एकच तुकडा दिसतो. आमची श्रद्धा याहून वेगळी नाही. संपूर्ण स्कोअर देवापुढे आहे, असेच आम्ही मानतो. पण हे वाक्य कोण कुणाला म्हणतो ते पाहावे. म्हणणाऱ्यापुढे तरी स्कोअर कुठे असतो? त्याच्या हातीही एक पार्टच असतो, बहुधा सोपा. कंडक्टरच्या जागेवरून बोलण्याचा अधिकार त्याला कुणी दिलेला नाही. वाद्यवृंदात लांब विराम मोजणारा चुकला तर शेजारचा वादक काय करतो? तो संपूर्ण सिंफनी समजावून सांगत नाही. मांडीवर बोटे उघडून दाखवतो: एकवीस, बावीस, तेवीस. किंवा कानात कुजबुजतो, ‘आता ड.’ त्याला ठाऊक असते तेवढेच तो देतो. जी माणसे तेराव्या दिवसानंतरही, सहा महिन्यांनंतरही त्या घरी जाऊन बसतात, काही न बोलता भाजी निवडू लागतात, ती हेच करीत असतात.

आणि ख्रिस्ताविषयी आमची श्रद्धा अशी की तो स्कोअर वाचून दाखवायला आला नाही. तो खाली उतरला आणि एका ओळीत बसला, बाकीच्यांच्या रांगेत. क्रुसावरून ‘का’ हा प्रश्न त्याच्याही तोंडी आला.

संगणकाविषयी एक गोष्ट राहिली. फिनालेच्या कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये त्याचा पुढील विकास थांबवत असल्याचे जाहीर केले. पस्तीस वर्षे त्यात काम केलेल्यांना आपल्या फायली दुसरीकडे नेण्याची घाई करावी लागली. आपल्या गायकवृंदाच्या कपाटातील हस्तलिखित पार्ट कुणी रद्दी समजून देऊ नयेत, एवढी विनंती आहे. त्यांवर पेन्सिलीने केलेल्या खुणा दुसरीकडे कुठेही नाहीत.

यंदाच्या नाताळच्या मिस्सेचे पार्ट आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर सॅक्रिस्टीत मिळतील. प्रत्येकाने आपले पान घरी एकदा वाजवून पाहावे. जिथे पान उलटायला सवड मिळत नाही, जिथे अक्षर दिसत नाही, जिथे मोजताना हरवायला होते, तिथे खूण करून आणावी. चार आठवडे हाती आहेत, पाने पुन्हा छापता येतील. येताना पेन नको, पेन्सिल आणावी, आणि बाहेर वाजवायचे असल्याने कपड्यांचे दोन चिमटेही.